ग्रँड रिव्हरवरून 1966 कडे

मिशिगनमधल्या नोव्हायमधून जाणारा ग्रँड रिव्हर रस्ता धरा आणि डेट्रॉइटच्या दिशेनं चला. आज गुरुवार, 7 एप्रिल 1966. ट्वेल्व्ह ओक्स मॉल शोधू नका, तो 1977 मध्ये उघडणार आहे. नोव्हायला शहराचा दर्जाही मिळायचाय, त्याला 1969 उजाडेल. शाळा चांगल्या आहेत म्हणून इथे कर्ज काढून घर घेणारी मराठी कुटुंबं यायला तर बराच अवकाश आहे.

डेट्रॉइटच्या हद्दीत शिरलात की सिक्स माइलच्या चौकापाशी रेडफर्ड हायस्कूल लागेल. तुमच्या काळात या जागी मायरचं दुकान आहे. आज इथे मुलं आहेत, बहुतेक सगळी गोरी. ही शाळा लक्षात ठेवा, तिचं नाव पुन्हा येणार आहे.

वुडवर्ड रस्त्यावर नॉर्दर्न हायस्कूलसमोर थांबा. इथली जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय. शेवटच्या वर्षाला असलेल्या चार्ल्स कोल्डिंगनं शाळेच्या वृत्तपत्रासाठी एक लेख लिहिलाय. त्याचं म्हणणं असं, की इथे मुलांना ढकलपास करून पुढे पाठवतात आणि कॉलेजात टिकेल असं शिक्षण देतच नाहीत. शहर एक, शिक्षण मंडळ एक. मग रेडफर्डचा दर्जा वेगळा का? मुख्याध्यापक आर्थर कार्टी यांनी हा लेख छापू दिला नाही.

घर घेण्याआधी शाळांच्या क्रमवाऱ्या तुम्हीही रात्र रात्र चाळल्या होत्या. दोन शाळांची तुलना तुम्ही आईबाप म्हणून केलीत, कोल्डिंगनं ती विद्यार्थी म्हणून केली. तुम्हाला घर बदलता आलं. त्याच्या शेजाऱ्यांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नव्हतं.

आता दारं उघडतात. सुमारे 2,300 मुलं बाहेर पडतात. कोल्डिंगबरोबर ज्युडी वॉकर आणि मायकेल बॅचलर पुढे आहेत. जवळच सेंट जोसेफ्स एपिस्कोपल चर्च आहे, तिथे त्यांना आसरा मिळतो. पाहता पाहता तुम्हाला मुक्ता साळवे आठवेल. फुले दांपत्याच्या शाळेतली ती चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’नं छापला. शिकणाऱ्या पोरीला आपल्या लोकांच्या स्थितीबद्दल बोलायचा हक्क आहे, हे पुण्यातल्या त्या शाळेला कळलं होतं. एकशे अकरा वर्षांनी, मोटारींच्या या श्रीमंत शहरात, ते मुलांना रस्त्यावर उतरून सांगावं लागतंय.

चर्चमध्ये मागण्या ठरतात. मुख्याध्यापक बदला. शाळेत नेमलेला पोलीस हटवा. आमच्या आणि इतर शाळांच्या दर्जाची तुलना करून आकडे समोर ठेवा. विद्यार्थी आणि शिक्षक यांचं मिळून एक मंडळ नेमा. आपल्याकडच्या शाळेत तुम्ही कदाचित शालेय मंत्रिमंडळात असाल, स्वच्छतामंत्री म्हणून मुलांची नखं तपासली असतील, परिपाठाची जबाबदारी घेतली असेल. ते शिक्षण मोलाचंच होतं. पण शाळा आपल्याला नीट शिकवते का, हा प्रश्न त्या मंत्रिमंडळापुढे कधी आला नाही. इथे तोच पहिला आहे.

ईस्टरच्या सुट्टीनंतर पुन्हा बहिष्कार सुरू होतो तेव्हा जरूर आत या. माझ्या मते या लढ्याचा कस इथे लागतो. मुलं घरी बसलेली नाहीत. चर्चमध्ये ‘फ्रीडम स्कूल’ भरलंय. वेन स्टेट विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक कार्ल ग्रेगरी त्याचे मुख्याध्यापक झालेत, विद्यापीठातले आणि इतर शिक्षक आपणहून शिकवायला आलेत. विषयांत कृष्णवर्णीयांचा इतिहासही आहे. शाळा बंद पाडणाऱ्यांना हवी होती ती शाळाच, नीट शिकवणारी.

कार्टी यांना जावं लागतं. शहरातल्या हायस्कूलांची पाहणी करायला एक आयोग नेमला जातो, त्याच्या सहअध्यक्षांत डेमन कीथ आहेत, पुढे नामवंत झालेले न्यायाधीश.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून कोल्डिंगला सांगण्यासारखं तुमच्याकडे बरंच आहे. 1969 मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय टिंकर खटल्यात म्हणेल, की विद्यार्थ्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या दारात संपत नाही. दंडाला काळी फीत बांधून व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणाऱ्या मुलांच्या बाजूनं निकाल लागेल, सात विरुद्ध दोन. हे ऐकून त्याला आनंद होईल. मग 1988 चा हेझलवूड निकालही सांगावा लागेल. शाळेच्या वृत्तपत्रातला मजकूर शैक्षणिक कारण दाखवून रोखण्याची मुभा त्यानं शाळांना दिली. काही राज्यांनी मुलांच्या लेखणीला जादा संरक्षण देणारे कायदे केले, तरी कोल्डिंगसारखा लेख अडवायला तुमच्या काळातल्या मुख्याध्यापकाकडे 1966 पेक्षा भक्कम आधार असू शकतो.

तुमची मुलगी नोव्हायच्या शाळेत शिकते. तिच्या शाळेच्या वृत्तपत्रात छापण्याआधी मजकूर कोण वाचतं आणि नकाराचं कारण लेखी देतात का, हे पुढच्या पालकसभेत विचारा.