‘डॉइच्लांड, ब्लाइशे मुटर’
हेल्मा झांडर्स-ब्राह्म्स यांचा हा 1980 सालचा चित्रपट नाझी राजवटीचा काळ लेने व हान्स या दांपत्याच्या संसारातून दाखवतो. हान्स नाझी पक्षाचा सभासद नसल्यामुळेच त्याची आघाडीवर लवकर रवानगी होते आणि मुलगी आना ऐन हवाई हल्ल्यात जन्मते. वृत्तचित्रे, म्हणजे त्या काळी प्रत्यक्ष टिपलेली दृश्ये, कथानकात गुंफलेली असली, तरी लेने पडझडीतून चालताना आनाला ग्रिम बंधूंच्या संग्रहातील दरोडेखोर नवऱ्याची गोष्ट सांगते, तो दीर्घ प्रसंगच चित्रपटाचा गाभा मानला पाहिजे. युद्ध संपून हान्स परतल्यावर मात्र लेनेचा अर्धा चेहरा लुळा पडतो आणि उपचाराच्या नावाखाली तिचे सगळे दात उपटले जातात.