कागदांत जपलेलें विद्यापीठ

कोणत्याही संस्थेचा इतिहास दोन ठिकाणीं राहतो. एक तिच्या दप्तरांत आणि दुसरा लोकांच्या घरीं. दप्तरांत ठराव, जमाखर्च आणि पटावरील संख्या सांपडते. पण संस्था लोकांना कशी दिसली, तिला कोण हंसलें आणि कोणीं हात दिला, हें दप्तराला ठाऊक नसतें. तें वर्तमानपत्रांच्या कात्रणांत, निमंत्रणपत्रिकांत, देणगीच्या पावत्यांत आणि पदवीदानाच्या छायाचित्रांत शिल्लक राहतें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं पुण्यास स्थापिलेल्या महिला विद्यापीठाकडे पाहिलें म्हणजे या दुसऱ्या साधनांचें मोल ध्यानांत येतें.

या विद्यापीठाचा उगमच मुळीं एका जपून ठेवलेल्या कागदांत आहे. काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनीं अण्णासाहेब कर्व्यांकडे टपालानें एक पुस्तिका धाडली. तींत तोकिओच्या महिला विद्यापीठाची हकीकत होती. तें विद्यापीठ जिन्झो नारुसे यांनीं १९०१ सालीं काढलें होतें. अण्णासाहेबांच्या मागें हिंगण्याचा मोठा व्याप असल्यामुळें पुस्तिका बाजूस राहिली. पुढें १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. भाषणाचा विचार चालला असतां त्यांना तिची आठवण झाली. ती त्यांनीं पुन्हां वाचली, आणि हिंदुस्थानांतहि स्त्रियांचें स्वतंत्र विद्यापीठ असावें ही कल्पना परिषदेपुढें मांडली. दरम्यान ती पुस्तिका रद्दींत गेली असती, तर त्या भाषणाला कोणतें वळण लागलें असतें, कोणास ठाऊक! दुसऱ्या वर्षीं विद्यापीठ निघालें. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपति झाले व रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरु झाले. पहिल्या वर्गांत विद्यार्थिनी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

येथें मुंबई विद्यापीठाशीं तुलना केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं सरकारी कायद्यानें जन्मास आलें. त्याचे नियम व पदवीधरांच्या याद्या छापून निघाल्या आणि ग्रंथालयांतून सुरक्षित राहिल्या. महिला विद्यापीठासाठीं कायदा झाला तो १९४९ सालीं, व त्याप्रमाणें मान्यता मिळाली ती १९५१ सालीं. तोंपर्यंतचीं पस्तीस वर्षें तें केवळ लोकाश्रयावर उभें होतें. साहजिकच त्याचा पुष्कळसा इतिहास देणगीदारांच्या, शिक्षकांच्या आणि विद्यार्थिनींच्या घरीं विखुरला. घरचा कागद म्हणजे मालकाच्या आयुष्याइतकाच टिकणारा. पेटीची किल्ली पुढच्या पिढीच्या हातीं गेली, कीं जुने कागद आधीं बाहेर पडतात.

अशा कागदांतून काय हातीं लागतें तें पाहावें. या विद्यापीठाच्या जुन्या प्रमाणपत्रांवर ‘गृहीतागमा’ ही पदवी आढळते. ही बी. ए. च्या जागीं होती. तिच्यावरची पदवी ‘प्रदेयागमा’. मातृभाषेंतून शिक्षण देणाऱ्या विद्यापीठानें पदव्यांनाहि आपल्या देशाचीं नांवें दिलीं. सरकारी मान्यता नसलेली ही पदवी घेण्यासाठीं मुलीनें वर्षानुवर्षें अभ्यास करावा, आणि वडिलांनीं तो करूं द्यावा, यांत केवढा विश्वास होता! आज हे दोन शब्द व्यवहारांतून गेले आहेत. ज्या घरीं तें प्रमाणपत्र चौकटींत लावलेलें असेल, तेथें मात्र ते अजून बोलतात.

कागदाचा मथळाहि साक्ष देतो. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें. १९३६ सालीं मुख्य कचेरी पुण्याहून मुंबईस गेली. म्हणून एखाद्या पत्रावर तारीख नसली, तरी वरचें नांव आणि पत्ता पाहून त्याचा काळ बराचसा ठरवितां येतो.

संस्थापकांनीं लिहून ठेवलें आहे, मग कात्रणें कशाला, असें कोणी विचारील. अण्णासाहेबांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचें, म्हणजे विद्यापीठाच्या आधींचें. पुढील हकीकत १९३६ सालच्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्रांत आली. आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझें पुराण’ या पुस्तकानें घरची बाजू सांगितली. हीं पुस्तकें मोलाचींच. परंतु तीं घरच्या माणसांचीं. स्त्रियांना निराळें विद्यापीठ कशाला, वेगळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम नव्हे काय, हे आक्षेप आक्षेपकांच्याच शब्दांत वाचावयाचे, तर जुनीं वर्तमानपत्रेंच उघडलीं पाहिजेत. म्हणून संग्राहकानें स्तुतीचीं कात्रणें तेवढीं ठेवून टीकेचीं टाकूं नयेत. विरोध किती होता हें कळल्यावांचून कार्य किती झालें हें कळत नाहीं.

जपणुकीची रीत अवघड नाहीं. कात्रणावर पत्राचें नांव व तारीख नसेल, तर त्याची निम्मी किंमत गेली. तीं कापतांनाच टिपावीं. टांचण्या गंजतात, खळीला कसर लागते; म्हणून दोन्ही टाळावीं. वर्तमानपत्राचा कागद हलका असतो व उन्हानें लौकर पिवळा पडून ठिसूळ होतो. तो सपाट, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावा. छायाचित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें, हात न दाबतां, माणसांचीं नांवें डावीकडून क्रमानें लिहावीं, व तींहि नांवें सांगणारीं माणसें हयात आहेत तोंच. हल्लीं यंत्रानें हुबेहूब प्रत घेतां येते; तरी मूळ कागद टाकूं नये, कारण शाई, शिक्का आणि घडी हींहि पुरावाच आहेत.

विद्यापीठाची शताब्दी २०१६ सालीं झाली. आरंभींच्या विद्यार्थिनी आतां नाहींत. त्यांच्या नातींच्या व पणतींच्या घरीं एखादें प्रमाणपत्र किंवा एखादी समारंभाची पत्रिका असेल. ती विकून चार पैसेहि यावयाचे नाहींत. परंतु टपालानें आलेल्या एका पुस्तिकेपासून ज्या संस्थेचा आरंभ झाला, तिच्या बाबतींत तरी कोणताहि कागद, न वाचतां, क्षुल्लक ठरवूं नये.