साखळी, खिळे आणि मडगार्डमधली फट

मोटारीच्या इतिहासात इंजिनाला जेवढे महत्त्व मिळते तेवढे चाकाला मिळत नाही. बर्फावर मात्र इंजिन कितीही दमदार असले तरी त्याचा उपयोग शून्य. चाक जागच्या जागी गरगरते आणि गाडी तिथेच राहते. हिमप्रदेशातल्या लोकांनी गेल्या सव्वाशे वर्षांत यावर जे उपाय शोधले, त्यांची कहाणी विज्ञानाच्या शिक्षकाला उपयोगी पडण्यासारखी आहे. घर्षण, दाब, रबराचे रसायन आणि सार्वजनिक आरोग्य असे वेगवेगळ्या तासांना शिकवले जाणारे विषय इथे एकाच चाकाभोवती गोळा झालेले दिसतात.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॅनस्टोटा गावचे हॅरी वीड यांना २३ ऑगस्ट १९०४ रोजी एका साखळीचे पेटंट मिळाले. चिखलात किंवा बर्फात गाडी रुतली की चालक टायरभोवती दोर गुंडाळतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. वीड यांची साखळी शिडीसारखी होती. टायरच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब साखळी आणि त्यांना जोडणाऱ्या, टायरच्या नक्षीवरून आडव्या जाणाऱ्या छोट्या साखळ्या. टायर जमिनीला तळहाताएवढ्या भागात टेकतो आणि गाडीचा भार त्या सगळ्या भागावर पसरतो. साखळी घातली की तोच भार काही मोजक्या कड्यांवर येतो, दाब कितीतरी पटींनी वाढतो आणि कड्या घट्ट झालेल्या बर्फात रुततात. मग गाडी केवळ घर्षणावर अवलंबून राहत नाही. कडीच्या मागचा बर्फ मोडल्याशिवाय चाक घसरूच शकत नाही.

बर्फ निसरडा का, याचे उत्तर बऱ्याच पुस्तकांत 'दाबामुळे बर्फ वितळतो' असे दिलेले असते. स्केटिंगच्या संदर्भात ही कल्पना जॉन जॉली यांनी १८८६ मध्ये मांडली होती. वर्गात ती आकडे घालून तपासावी. दाब एका वातावरणाने वाढला तर बर्फाचा द्रवणांक अंशाच्या सुमारे पाऊण शतांशाने, म्हणजे ०.००७५ अंश सेल्सिअसने खाली येतो. मोटारीचा टायर रस्त्यावर दोन-अडीच वातावरणांएवढा दाब देतो. त्याने द्रवणांक ०.०२ अंशानेही उतरत नाही! उणे पाच अंशांवरचा बर्फ असा वितळणे शक्य नाही. बोडेन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवले की घासण्याने निर्माण होणारी उष्णता इथे महत्त्वाची असते. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा पातळ थर असतो, ही मायकेल फॅरडे यांची १८५० मधील कल्पना आज पुन्हा मानाने स्वीकारली गेली आहे.

परिणाम किती मोठा असतो तेही मोजून पाहू. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दडपलेल्या बर्फावर तो ०.२ धरला तर ४९ मीटर, आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ धरला तर ९८ मीटर. सूत्र नेहमीचेच आहे: वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही.

साखळीचा दोष असा की ती फक्त बर्फावरच चांगली. मोकळ्या रस्त्यावर ती खडखडते, तुटते, रस्ता खरवडते, आणि वेग साधारण ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. दर वेळी थंडीत गुडघे टेकून ती चढवायची आणि उतरवायची. म्हणून टायरच बदलता येईल का, असा विचार सुरू झाला. फिनलंडमधल्या नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये छोट्या गाड्यांसाठी 'हाक्कापेलिट्टा' बाजारात आणला. हे नाव सतराव्या शतकातील फिनिश घोडेस्वारांवरून घेतलेले आहे. पुढे मोबाइल फोनमुळे जगभर पोचलेले नोकिया हे नावही याच गावाचे. या टायरची नक्षी खोल होती. तिच्या खाचांत बर्फ ठासून भरतो आणि बर्फाला बर्फ चिकटतो. लाडू वळताना जे होते तसेच काहीसे. याच कारखान्याने १९६१ मध्ये टायरमध्ये खिळे बसवले. टंगस्टन कार्बाइडसारख्या कठीण पदार्थाची टोके असलेले हे खिळे गुळगुळीत बर्फालाही ओरखडतात. उत्तर युरोप, अमेरिका आणि जपान येथे दहा-पंधरा वर्षांत त्यांचा मोठा प्रसार झाला.

जपानच्या ईशान्येकडील सेंदाई शहरात मात्र या खिळ्यांची दुसरी बाजू उघडी पडली. सेंदाईत थंडी कडक असली तरी बर्फ फार साठत नाही आणि रस्ते बऱ्याचदा कोरडे असतात. लोक मात्र सबंध हिवाळा खिळ्यांचे टायर वापरत. मग खिळे बर्फाऐवजी डांबर खरवडू लागले. हजारो गाड्या रोज रस्ता घासत होत्या आणि त्याची भुकटी हवेत जात होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या नागरिकांना या धुळीचा इतका त्रास होऊ लागला की तिच्यासाठी 'गाडीची पूड' अशा अर्थाचा नवा शब्दच जपानी भाषेत रूढ झाला. रस्त्यांवर चाकोऱ्या पडत होत्या, आखलेले पट्टे पुसले जात होते आणि धूळ श्वासाबरोबर छातीत जात होती. ज्याच्याकडे गाडी नव्हती त्याच्याही छातीत, हे लक्षात घ्यावे.

सेंदाई ज्या मियागी प्रांतात आहे, त्याने १९८५ मध्ये या टायरांविरुद्ध नियम केला. १९९० मध्ये सबंध जपानसाठी कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्याआधी रस्त्यांच्या झिजेमुळे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये आणि पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये खिळ्यांना मनाई केली होती. आमच्या मते जपानचा निर्णय वेगळा ठरतो, कारण तिथे रस्त्याच्या खर्चाबरोबरच माणसाच्या फुप्फुसाचाही हिशेब मांडला गेला. चालकाच्या सुरक्षिततेची किंमत पादचारी मोजत होता. नॉर्वेत ऑस्लोसारख्या शहरात आज खिळ्यांच्या टायरसाठी वेगळे शुल्क भरावे लागते, तेही याच हिशेबाने.

बंदी आल्यावर काम रसायनशास्त्राकडे आले. ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ मध्ये सूक्ष्म छिद्रांचे रबर वापरलेला बिनखिळ्यांचा टायर आणला. छिद्रे बर्फावरचा पाण्याचा थर शोषतात आणि रबर थंडीतही मऊ राहते. साधे उन्हाळी रबर सात अंशांच्या खाली ताठर होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरत नाही. पण निसर्ग सहजासहजी हार मानत नाही. सप्पोरो शहरात खिळे गेले, आणि चौकाचौकांत थांबणाऱ्या व निघणाऱ्या बिनखिळ्यांच्या चाकांनी बर्फ घासून आरशासारखा केला. आधी खिळे तो ओरखडत असत. आता वाळू आणि मीठ टाकणे आले.

इकडे मोटारीचे चाकही बदलत होते. कोरड्या रस्त्यावर वेगाने वळण घेताना टायरची बाजूची भिंत लचकते. ती बुटकी केली तर गाडी अधिक नेमकी वळते. १९७०च्या दशकात शर्यतींच्या आणि स्पोर्ट्स गाड्यांना असे लो-प्रोफाइल टायर आले आणि हळूहळू घरगुती गाड्यांपर्यंत पोचले. टायरवर २२५/४० आर १८ असे लिहिलेले असेल, तर रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, रचना रेडियल आणि रिम १८ इंची.

भिंत बुटकी, म्हणजे वर जागा जास्त राहील असे वाटते. तसे होत नाही, कारण तेवढे रिम मोठे केलेले असते. टायर रुंद झाल्याने आतल्या बाजूला सस्पेन्शन आणि ब्रेकची नळी अगदी जवळ येते, आणि अशा गाड्या बहुधा जमिनीलगत बसवलेल्या असतात. वीड यांच्या काळी चाक आणि मडगार्ड यांत भरपूर मोकळी जागा असे. अमेरिकेच्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने कमी जागेच्या गाड्यांसाठी 'एस' वर्ग ठरवला आहे. त्यात टायरच्या माथ्यावर किमान ३७ आणि बाजूला १५ मिलिमीटर जागा गृहीत धरतात. तिथे जाड साखळी घातली तर ती ब्रेकची नळी किंवा चाकाजवळची तार तोडू शकते. म्हणून काही गाड्यांच्या पुस्तिकेत विशिष्ट मापाच्या टायरवर साखळी चढवूच नये असे स्पष्ट छापलेले असते. निवड करताना पहिली वाचायची ओळ ती.

मग पर्याय काय? आतल्या बाजूला नऊ किंवा सात मिलिमीटरच जागा घेणाऱ्या बारीक साखळ्या मिळतात. काही साधने चाकाच्या बाहेरूनच बसतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतून कापडी मोजे आले. टायरवर चढवायचे विणलेले आवरण, खरोखरच मोज्यासारखे. ते हलके आणि पातळ असते, पण मोकळ्या डांबरावर लवकर फाटते. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमात हिवाळी टायर नसतील तर साखळ्या किंवा मोजे चालतात. सगळीकडे मोजे मान्य नाहीत, तेव्हा जिथे जायचे तिथला नियम आधी पाहावा.

आम्हाला विचाराल तर हिमप्रदेशात राहणाऱ्याने हिवाळ्यापुरते चाकच बदलणे उत्तम. २२५/४० आर १८ ऐवजी २०५/५५ आर १६ घेतले तर चाकाचा एकूण व्यास ६३७ मिलिमीटरऐवजी ६३२ होतो, म्हणजे फरक नगण्य. भिंत मात्र ९० वरून ११३ मिलिमीटर होते आणि टायर अरुंद झाल्याने भुसभुशीत बर्फात तरंगण्याऐवजी खाली कापत जातो. आतली फटही थोडी वाढते, त्यामुळे वेळ आलीच तर साखळीला जागा मिळते. लहान रिम ब्रेकवर बसते की नाही एवढे पाहावे लागते. ही आकडेमोड नववीचा विद्यार्थी सहज करू शकेल.

हिवाळ्यात गुलमर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला साखळी दिसते ती तंगमर्गला. तिथून वरच्या चढासाठी टॅक्सीवाले चाकांना साखळ्या बांधतात. त्या गाड्या बहुतेक जीपसारख्या उंच असतात आणि त्यांच्या चाक-मडगार्डमध्ये हात सहज आत जातो.