पुस्तकासारखे धरायचे यंत्र

रहस्यकथेत तपास करतो तो गुप्तहेर. आपण नुसते वाचत राहतो. हा तपास वाचकाच्याच हाती देण्याचा एक आरंभीचा प्रयत्न १९८३ साली जपानमध्ये युजी होरी यांनी केला. त्यांच्या 'पोर्टोपिया' या संगणकावरच्या खेळात हुकूम टंकावे लागत. १९८५ मध्ये तो दूरचित्रवाणीला जोडायच्या फॅमिकॉमवर आला. तिथे कळफलक नव्हता, म्हणून हुकमांची यादीच पडद्यावर आली. ही अडचण पथ्यावर पडली. चार बटणांवर तपास होऊ लागला आणि पुढे तो खिशात मावला.

२००७ साली निन्टेन्डो डीएसवर 'हॉटेल डस्क' आला. काळ १९७९चा, अमेरिकेतले जुनाट हॉटेल, आणि हरवलेल्या सहकाऱ्याच्या शोधातला माजी पोलीस. दोन पडद्यांचे हे यंत्र वळवून चक्क पुस्तकासारखे धरायचे!

हा खेळ रचणारी फुकुओकातली कंपनी २०१० साली दिवाळखोरीत गेली. मला काळजी वाटते ती इथे. शंभर वर्षांपूर्वीची रहस्यकथा कपाटातून काढून आजही वाचता येते. या कथेला मात्र चालू यंत्र लागते. ग्रंथालये पुस्तके जपतात, तशी ही यंत्रेही कुणीतरी जपायला हवीत.