वाकलेल्या चातीचा हिशेब

धातूचा एखादा भाग सदोष निघाला तर तो भंगारात टाकायचा की दुरुस्त करून परत वापरायचा? कारखान्यात याला रीवर्क म्हणतात. खर्च काढताना कारागिराचा वेळ, लागलेला माल, फेरतपासणी आणि दुरुस्तीनंतरही बाद होणारे नग धरतात. इतिहासाच्या कागदांत मात्र हा खर्च सहज सापडत नाही. तो कुठे मजुरीत, कुठे किरकोळ खर्चात मुरलेला असतो. म्हणून दुरुस्तीचा आकडा कुणी आधीच ठरवून लिहिलेला दिसला, तर तिथे थांबा.

असा एक आकडा 1929 सालचा आहे. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. आठ तासांत 16,000 फूट सूत निघावं, किंमत 150 रुपयांच्या आत असावी, या अटी बहुतेक लेखांत येतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती नंतरची अट: यंत्र 20 वर्षं चाललं पाहिजे आणि भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांवर जाता कामा नये.

आता कागद-पेन्सिल घ्या. 150 चे 5 टक्के म्हणजे साडेसात रुपये. असे 20 वर्षं धरले तर 150 रुपये, म्हणजे सुट्या भागांवर आणखी एका यंत्राची किंमत! ही कमाल मर्यादा होती हे खरं, पण ती कुणाच्या खिशातून जाणार? 1935 मध्ये गांधीजी वर्ध्यात होते. कातणाऱ्याला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या दराने साडेसात रुपये म्हणजे 15 दिवसांची मजुरी. तीन आणे रोज धरला तर 40 दिवस. नवं यंत्र सूत जास्त काढेल, कमाई वाढेल, हेही हिशेबात घ्या. तरी दुरुस्तीच्या काळात चरखा बंद राहिला तर त्या दिवसांचं काय? 5 टक्क्यांत फक्त भाग मोजले आहेत, रिकामा वेळ नाही. रीवर्कच्या आजच्या अंदाजातही पहिल्यांदा हाच आकडा सुटतो.

किर्लोस्कर बंधूंनीही या स्पर्धेसाठी यंत्र तयार केलं होतं. बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही.

साध्या चरख्यात ही अडचण फार लहान होते, आणि त्याचं कारण चातीत आहे. चाती म्हणजे लोखंडी सळईच. थोडी वाकली की टोक थरथरतं, सूत तुटत राहतं. दुरुस्ती काय? चाती काढायची, फिरवून बाक कुठे आहे ते बघायचं, सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने ठोकायचं, परत फिरवून बघायचं. नवा माल शून्य, लोहाराकडे खेप नाही, वेळ काही मिनिटांचा. पण ती काही मिनिटं शिकलेल्या हाताची असतात. चुकीच्या जागी घाव बसला की एकाचे दोन बाक होतात. म्हणजे खर्च नाहीसा झाला नाही, तो शिकवण्याकडे सरकला.

म्हणूनच ऑक्टोबर 1937 मधल्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेकडे, जिथून नई तालीम सुरू झाली, मी यंत्राच्या इतिहासाचा भाग म्हणून बघतो. मुलांना कातायला शिकवायचं तर चरखा दुरुस्त करायलाही शिकवावं लागतं. शाळेचा हा खर्च दुरुस्तीच्या हिशेबात धरायचा का? माझ्या मते धरायलाच हवा. मार्गदर्शक विचारतील, तो शिक्षणाचा खर्च नाही का? आहे ना! एकच खर्च दोन ठिकाणी बसतो, म्हणून किती हिस्सा कुठे टाकला आणि का, ते प्रबंधात स्पष्ट लिहावं लागतं.

वर्ध्यात गेलात तर मगन संग्रहालय चुकवू नका. 1938 साली सुरू झालेलं हे संग्रहालय आजही आहे आणि तिथे वेगवेगळ्या घडणीचे चरखे आहेत. प्रत्येकासमोर उभं राहून एवढंच नोंदवा: यातला कोणता धातूचा भाग घरी काढून सरळ करता येईल आणि कोणत्यासाठी बाहेरचा कारागीर गाठावा लागेल?