दुरुस्तीतून घडलेला इतिहास : कासारवाडी परिसरातील जुनी तेल-इंजिने, छोटे ट्रॅक्टर आणि त्यांच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कारखाने, उद्योजक आणि कामगार चळवळी यांच्याभोवती झालेले दिसते. कारखान्यातून बाहेर पडलेले यंत्र पुढील तीस-चाळीस वर्षे कोणाच्या हाती राहिले, ते किती वेळा बिघडले, कोणी दुरुस्त केले आणि अखेर कोठे गेले, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. विहिरीवरील तेल-इंजिन आणि फळबागेतील छोटा ट्रॅक्टर ही याची ठळक उदाहरणे होत. ही यंत्रे घडविणारा एक महत्त्वाचा पट्टा खडकीपासून दापोडी, कासारवाडी, पिंपरी आणि चिंचवडपर्यंत पसरलेला आहे. त्याच पट्ट्यात आज ही यंत्रे झपाट्याने भंगारात जात आहेत. म्हणूनच या विषयाचा विचार करणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे :

१) पुणे-चिंचवड पट्ट्यातील छोट्या इंजिनांच्या निर्मितीची पार्श्वभूमी पाहणे.
२) इंजिनाच्या रचनेचा आणि ग्रामीण दुरुस्ती-परंपरेचा संबंध स्पष्ट करणे.
३) जतनासाठी वापरल्या जाणाऱ्या 'मूळ स्वरूप' या निकषाची चिकित्सा करणे.

या लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मोटेकडून इंजिनाकडे :

पश्चिम महाराष्ट्रातील बागायत शतकानुशतके मोटेवर अवलंबून होती. बैलांची जोडी धावेवरून खाली जाई, चामड्याची मोट वर येई आणि पाणी थारोळ्यात पडे. या कामात दिवसभर माणूस व बैल दोन्ही अडकून पडत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याला पर्याय म्हणून तेल-इंजिन आणि पंप शेतावर येऊ लागले. शेतीच्या अवजारांच्या निर्मितीतून इंजिनाकडे वळणे हे महाराष्ट्रातील उद्योगाचे एक वैशिष्ट्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसविली. तेथे लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि पंप तयार होऊ लागले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही नांगर आणि पुढे इंजिने यांचे उत्पादन केले. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कोल्हापुरातील यंत्रउद्योगाची परंपरा म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या कारागिरांच्या नावाशी जोडलेली आहे. इंजिनाची विद्या या प्रदेशात नांगराच्या ओतकामातून आणि लोहाराच्या भात्यावरून आली, असे म्हणता येते.

खडकी ते चिंचवड : इंजिनांचा पट्टा :

१९४६ मध्ये खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. शंतनुराव किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने आणि ब्रिटिश तांत्रिक सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याने शेतीसाठी लागणारी छोटी डिझेल इंजिने मोठ्या प्रमाणावर तयार केली. चिंचवड येथे ब्रिटनमधील रस्टन अँड हॉर्न्सबी आणि ग्रीव्हज कॉटन यांच्या संबंधातून इंजिनांचे उत्पादन सुरू झाले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर या परिसराचे औद्योगिकीकरण वेगाने झाले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली.

कासारवाडी या पट्ट्याच्या मध्यावर आहे. जुना पुणे-मुंबई रस्ता, लोहमार्ग आणि नाशिककडे जाणारा फाटा येथे एकत्र येतात. बाष्प-उपकरणे तयार करणारा फोर्ब्स मार्शलचा कारखाना येथेच उभा राहिला. शेजारच्या दापोडीत राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे आणि नाशिक फाट्यापलीकडे भोसरीची औद्योगिक वसाहत लागते. 'कासार' हा शब्द 'कांस्यकार' या संस्कृत शब्दापासून आलेला आहे. गावाच्या नावावरून त्याच्या इतिहासाविषयी अनुमान काढणे धोक्याचे असले, तरी विसाव्या शतकात धातुकामाच्या एका नव्या परंपरेने हा परिसर वेढला गेला, एवढे निश्चित. मोठ्या कारखान्यांत फिटर, टर्नर आणि ओतकामगार म्हणून मिळविलेले कौशल्य लेथवरील लहान कार्यशाळांत आणि गावाकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत पोहोचले. या कौशल्याच्या प्रवासाची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

इंजिनाची रचना आणि दुरुस्तीची विद्या :

ग्रामीण भागात स्थूलमानाने दोन प्रकारची एकसिलिंडर इंजिने रूढ झाली. पहिला प्रकार संथ गतीच्या इंजिनांचा. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीने १९२९ मध्ये बाजारात आणलेले 'सीएस' इंजिन हा त्याचा नमुना होय. त्याच्या सिलिंडरचा व्यास ११४.३ मिलिमीटर व दट्ट्याची धाव १३९.७ मिलिमीटर असून ते मिनिटाला ६०० फेऱ्यांना ५ अश्वशक्ती देई. याच आराखड्यावरील इंजिने पुढे राजकोटमध्ये अनेक दशके तयार होत राहिली. दुसरा प्रकार किर्लोस्करच्या 'एव्ही-१' सारख्या तुलनेने जलद इंजिनांचा. त्याचा व्यास ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर आणि गती मिनिटाला १५०० फेऱ्या. शक्ती मात्र तेवढीच, म्हणजे ५ अश्वशक्ती.

या आकड्यांतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. पहिल्या इंजिनाचे घनमान सुमारे १४३३ घनसेंटिमीटर, तर दुसऱ्याचे सुमारे ५५३. तेवढ्याच शक्तीसाठी दुसऱ्याला कमी लोखंड लागते, ते हलके व स्वस्त होते आणि बैलगाडीत घालून एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर नेता येते. परंतु त्याच्या दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५.५ मीटर असतो, तर संथ इंजिनाचा सुमारे २.८ मीटर. वेग जवळजवळ दुप्पट झाल्याने तेल, गाळणी आणि थंड पाणी यांच्याबाबतची हयगय जलद इंजिनाला कमी सोसते. जुने जाणते मिस्त्री जड चाकाच्या इंजिनाला 'दमाचे' इंजिन म्हणत, त्यामागे हे यंत्रशास्त्रीय कारण आहे.

शेतावरील इंजिन एका कामाशी बांधलेले नसे. उन्हाळ्यात ते विहिरीवर पाणी उपसे, सुगीत मळणी यंत्राला जोडले जाई, हंगामात उसाचा चरक फिरवी आणि एरवी पिठाची गिरणी चालवी. गिरणीवाले धुराड्याच्या तोंडाशी पत्र्याचा डबा बसवीत. त्याच्या 'टुक्‌टुक्‌' आवाजावरून गिरणी सुरू झाल्याचे साऱ्या गावाला कळे. या बहुविध वापरामुळे इंजिनाची झीजही बहुविध होई. खाऱ्या पाण्याने सिलिंडरभोवतीच्या पोकळीत क्षार साचत, गिरणीच्या धुळीने हवेची गाळणी तुंबे आणि मळणीच्या दिवसांतील सततच्या भाराने रिंगा व लायनर झिजत.

अशी इंजिने पुन्हा चालती करण्याची एक ठराविक रीत आहे. जाम झालेल्या इंजिनाचा दट्ट्या हातोड्याने ठोकणे निषिद्ध मानले जाते. सिलिंडरमध्ये रॉकेल व तेल यांचे मिश्रण ओतून ते काही दिवस मुरू दिले जाते आणि मग फ्लायव्हील हाताने थोडे थोडे मागेपुढे हलविले जाते. त्यानंतर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणे, पोकळीतील क्षार काढणे, लायनरची झीज वरच्या व खालच्या टोकांस मोजणे, बेरिंगमधील फट तपासणे आणि नोझलमधून डिझेलची फवार सारखी पडते की धार लागते हे पाहणे, असा क्रम असतो. इंधनपंपाची वेळ जुळविणे हे सर्वांत कौशल्याचे काम. शेवटी डिकॉम्प्रेशनची कळ उचलून हँडल मारले जाते, चाकाला गती आली की कळ सोडली जाते आणि पहिला ठोका ऐकू येतो. हे ज्ञान पुस्तकांपेक्षा हाताखाली काम करून पुढच्या पिढीकडे गेले.

छोट्या ट्रॅक्टरची वाट :

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांतील घराभोवतीच्या हिरवळीसाठी आणि परसबागेसाठी 'गार्डन ट्रॅक्टर' हा प्रकार लोकप्रिय झाला. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे १९४६ मध्ये सुरू झालेली व्हील हॉर्स ही कंपनी त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे आणि ब्रिटनमध्ये जुनी छोटी इंजिने व ट्रॅक्टर दुरुस्त करून मेळ्यांत चालवून दाखविणे हा निवृत्तांचा आवडता छंद बनला.

महाराष्ट्रात छोट्या ट्रॅक्टरचा मार्ग वेगळा होता. येथे परसबागेची मशागत हाताने आणि शेताची बैलाने होत असे. छोट्या इंजिनाची पहिली गरज पाण्यासाठी होती. १९६३ मध्ये मुंबईत महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यातून ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली, तरी तिचे ३५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर लहान खातेदाराच्या आवाक्याबाहेर होते. पुढे नाशिकची द्राक्षे, सोलापूरची डाळिंबे आणि जुन्नर-नारायणगावची फळभाज्यांची शेती वाढली, तशी दोन ओळींमधून जाऊ शकणाऱ्या पॉवर टिलर व १५ ते २५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची मागणी निर्माण झाली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे नंतरच्या फोर्स मोटर्सने, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'बलवान' ट्रॅक्टर बाजारात आणला. २०२४ मध्ये कंपनीने ट्रॅक्टरचा व्यवसाय थांबविला. उत्पादन थांबले की सुटे भाग दुर्मीळ होतात आणि यंत्राचे आयुष्य पूर्णतः दुरुस्ती करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून राहते.

'मूळ स्वरूप' या निकषाची मर्यादा :

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा करून 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बांधणी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली वाहने तीत बसतात. परंतु ही तरतूद दुचाकी व प्रवासी मोटारगाड्यांच्या वर्गांपुरती आहे. शेतीचा ट्रॅक्टर तीत येत नाही. विहिरीवरील इंजिनाची तर वाहन म्हणून नोंदणीच होत नाही, त्यामुळे त्याचे सरकारी दप्तरात अस्तित्वच नसते. १९७२ चा पुरावशेष कायदा सामान्यतः १०० वर्षांची अट घालतो. त्यामुळे १९४६ नंतर खडकीत तयार झालेले कोणतेही इंजिन २०४६ पूर्वी त्याच्या कक्षेत येऊ शकत नाही.

याहून मूलभूत अडचण 'मूळ स्वरूप' या कल्पनेतच आहे. संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली मोटार मूळ स्वरूपात राहू शकते. शेतकऱ्याचे इंजिन मात्र चार वेळा लायनर बदलल्यामुळेच चाळीस वर्षे चालते. त्यावरील पत्र्याची टाकी स्थानिक पत्रेकाराने केलेली असते, बेरिंग दुसऱ्या बनावटीचे असते आणि तुटलेल्या पायाला वेल्डिंग केलेले असते. मोटारसंग्राहकाच्या दृष्टीने हे दोष ठरतील. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तोच पुरावा आहे, कारण प्रत्येक बदलातून दुष्काळ, पिकातील बदल, सुट्या भागांची टंचाई किंवा एखाद्या कारागिराची युक्ती यांचा माग लागतो. असे इंजिन खरवडून, नवा रंग देऊन कारखान्यातून आल्यासारखे केले, तर ते देखणे होईल, पण त्याचा इतिहास पुसला जाईल.

भंगाराची घाई :

कोयनेची वीज १९६० च्या दशकात उपलब्ध झाल्यावर विहिरींवर विद्युत पंप येऊ लागले आणि तेल-इंजिन हळूहळू भारनियमनाच्या काळातील पर्याय म्हणून उरले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून सौर पंप दिले जात असून डिझेल पंप मागे टाकणे हा तिचा एक हेतू आहे. धूर आणि इंधनखर्च पाहता हे धोरण योग्यच आहे. मात्र काढून टाकलेल्या इंजिनाचे काय करावे, याचा विचार त्यात नाही. ओतीव लोखंडाला वजनावर भाव मिळतो आणि इंजिन थेट भट्टीकडे जाते.

जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचा खरा आधार भंगाराचा बाजार असतो. बंद पडलेल्या तीन इंजिनांतून एक चालते इंजिन तेथील भागांवर उभे राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चिखली-कुदळवाडी भागातील गोदामे व पत्राशेड मोठ्या प्रमाणावर पाडली. प्रदूषण, आगी आणि अनधिकृत बांधकामे हे प्रश्न तेथे गंभीर होते, हे नाकारता येणार नाही. तथापि अशा वस्त्या उठल्या की जुन्या सुट्या भागांचा साठा आणि कोणता भाग कोणत्या इंजिनाला चालतो हे ओळखणारी माणसे, दोन्ही एकाच वेळी पांगतात. मार्च २०२२ पासून कासारवाडीवरून मेट्रो धावू लागली. जमिनीचे मोल वाढत असताना लेथच्या लहान कार्यशाळा या परिसरात किती काळ तग धरतील, हा प्रश्नच आहे.

महाविद्यालयांची जबाबदारी :

या प्रश्नाचा एक भाग शिक्षणसंस्थांच्या आवारातच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत किर्लोस्करची एकसिलिंडर इंजिने चाचणीसाठी वर्षानुवर्षे वापरली गेली आहेत. अभ्यासक्रम बदलला किंवा नवे उपकरण आले, की जुने इंजिन जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखित होऊन लिलावात वजनावर विकले जाते. वास्तविक त्याच नोंदवहीत खरेदीचे वर्ष, क्रमांक, किंमत आणि दुरुस्तीचा खर्च नोंदलेला असतो. शेतावरील इंजिनाला जे दप्तर कधीच लाभले नाही, ते येथे तयार आहे.

निष्कर्ष :

१) पुणे-चिंचवड पट्ट्यातील छोट्या इंजिनांचा इतिहास कारखान्याच्या दारात संपत नाही. त्याचा मोठा भाग दुरुस्तीच्या दुकानांत व शेतावर घडला.
२) मोटारींसाठी ठरविलेला 'मूळ स्वरूप' हा निकष शेतीच्या इंजिनांना व ट्रॅक्टरना जसाच्या तसा लावणे अनैतिहासिक आहे. त्यांच्या बाबतीत दुरुस्तीच्या खुणा जपणे हेच जतन होय.
३) जुने इंजिन चालते करताना ओतीव क्रमांक व निर्मात्याची पट्टी घासू नये, काढलेला भाग चिठ्ठी लावून ठेवावा आणि प्रत्येक बदलाची तारखेनिशी नोंद करावी.
४) निर्लेखनापूर्वी इतिहास व यंत्र अभियांत्रिकी या विभागांनी संयुक्तपणे अशा यंत्रांची नोंदपत्रे तयार करावीत आणि निवृत्त फिटर व मिस्त्री यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. या कामासाठी फारसा निधी लागत नाही, परंतु विलंब परवडणारा नाही. लोखंडाचा नमुना एखाद्या गोठ्यात कदाचित सापडेलही, पण नोझलचा आवाज ऐकून दोष सांगणारा जाणकार गेल्यावर ते ज्ञान परत मिळविण्याचे साधन उरणार नाही.