काउंटरवरचं उघडं रजिस्टर

माळव्यात सरकारी वहीत आधी अफू आली, माणसाचं नाव बरंच नंतर. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं; देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं. माळव्याची अफू इंग्रजांच्या वाहतूक-पासाचा कर भरून मुंबईला आणि तिथून चीनला जायची. हिशेब पेट्यांचा असे. घरात अफू कोण खातं, याच्याशी त्या वहीला देणंघेणं नव्हतं.

1949 च्या अखिल भारतीय अफू परिषदेत ठरलं, की औषधाव्यतिरिक्तची अफू दहा वर्षांत बंद करायची. 1959 नंतर डॉक्टरच्या शिफारशीवर नाव नोंदवलेल्या माणसालाच परमिटावर अफू मिळू लागली. गुडघेदुखीपायी वर्षानुवर्षं गोळी घेणारा म्हातारासुद्धा कागदोपत्री ‘व्यसनी’ ठरला.

आज तशी नावांची वही माझ्याकडेही आहे; माझं देवासात औषधांचं दुकान आहे. 1 मार्च 2014 पासून औषध नियमांतल्या एच-वन यादीतल्या औषधांचं वेगळं रजिस्टर आम्ही ठेवतो: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. क्षयाची औषधं, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, बरीच अँटिबायोटिक्स, सगळी त्यात. हे रजिस्टर हवंच, नाहीतर गुंगीच्या गोळ्या चणेफुटाण्यासारख्या विकल्या जातील. पण कितीतरी दुकानांत ते काउंटरवर उघडंच असतं. सुटे पैसे निघेपर्यंत पुढचं गिऱ्हाईक मागच्याचं नाव आणि गोळी वाचून मोकळं होतं.

क्षय आणि देवास यांचं नातं जुनं. गायक कुमार गंधर्व 1948 मध्ये या दुखण्यापायीच इथल्या कोरड्या हवेत राहायला आले. त्यांचं आजारपण आज लोक आदरानं सांगतात. क्षय झालेल्या गल्लीतल्या मुलीच्या वाट्याला तो आदर येत नाही. मार्च 2018 च्या अधिसूचनेनं क्षयरोग्याची माहिती कळवणं आम्हा औषधवाल्यांनाही बंधनकारक झालं. एका बापानं हलक्या आवाजात विचारलं, “काका, नाव कुठं कुठं जाईल? पोरीचं लग्न ठरतंय.” मी म्हटलं, “सरकारी क्षयरोग कार्यालयात जाईल. दुकानातून कुणाला कळणार नाही.” माझं रजिस्टर कुलपात असतं, म्हणून हा शब्द मला देता आला.

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. 2023 चा माहिती संरक्षण कायदा मात्र डिजिटल माहितीपुरता आहे; हातानं लिहिलेली आमची वही त्यात बसत नाही. एच-वनच्या नियमात ती तीन वर्षं जपायला आणि तपासणीला खुली ठेवायला सांगितलंय. गिऱ्हाइकापासून झाकून ठेवा, मुदत संपल्यावर रद्दीत न घालता नष्ट करा, या दोन ओळी त्याच नियमात घालायला हव्यात.